सांगलीची वाईन, सागरेश्वर आणि वासोटा

वाईन चाखायची म्हणजे नाशिकलाच जायचं हे सगळ्यांच्या डोक्यात इतकं फिट्ट बसलंय की आमच्या सांगलीची माणसं सुद्धा ग्रुप करून, रजा टाकून तिकडं जातात. आणि इकडं तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी नजर जाईल तिथपर्यंत द्राक्षाचे मांडव. राज्य सरकारनं 2001 साली द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं तेव्हा वाईन पार्कसाठी दोन जागा ठरल्या, नाशिककडं विंचूर आणि आपल्याकडं पलूस. नाशिक कुठल्या कुठं गेलं, पलूस मागं राहिलं, हे खरंय. पण मागं राहिलं म्हणजे संपलं नाही ना, मला तर कायम वाटतं की ज्या मातीत आपण वाढलो तिथली वाईन कशी लागते हे आपल्याला माहिती नसावं ही वाईट गोष्ट आहे.

म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही ठरवलं की आपल्याच द्राक्षपट्ट्यात फिरायचं, आणि नुसतं खाऊन-पिऊन बसायचं नाही, पाय पण चालवायचे. मी, नवरा, माझा मामेभाऊ (आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो) आणि वहिनी. आणि पहिल्या दोन दिवसांना मामा. मामा माळकरी आहेत, दर आषाढीला वारी, दारूचा थेंब आयुष्यात नाही. पण द्राक्षातलं त्यांना जेवढं कळतं तेवढं आमच्या घरात कुणालाच कळत नाही, त्यामुळं त्यांना घेतल्याशिवाय जायचं नाही हे माझं आधीच ठरलेलं.

गुरुवार : सांगली ते तासगाव, सायकलवर

पहाटे निघालो. मी आणि नवरा सायकलवर, दादा-वहिनी मागनं गाडीत सामान घेऊन. माधवनगर, बुधगाव, कवलापूर, कवठे एकंद करत तासगाव, 25 किलोमीटरच्या आसपास होतं. रस्ता तसा सपाट, पण सकाळी वारं समोरनं असलं की मांड्या भरून येतात. कवलापूर सोडलं की हळूहळू ऊस कमी होतो आणि मांडव सुरू होतात, आणि त्या वेळेला एक वास येतो, ओल्या मातीचा, पिकलेल्या घडांचा आणि मधेच औषध फवारणीचा, सगळा एकत्र. गाडीतनं जाताना हा वास कधीच येत नाही, काचा बंद असतात.

तासगावात गणपतीच्या देवळापाशी थांबलो. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेलं हे देऊळ, दारात दक्षिणेतल्यासारखं सात मजल्यांचं गोपुर, आपल्या भागात दुसरीकडं असं बघायला मिळत नाही. चहा, वडा, दर्शन, आणि मग मामांच्या मळ्यात.

मामांकडं तोड चालू होती. बायका ओळीनं मांडवाखाली, हातात कात्री, घड हातात घेतला की आधी खालनं बघायचा, खराब मणी कात्रीनं काढायचा, मग क्रेटमध्ये अलगद ठेवायचा. मण्यावरची पांढरी लव पुसली गेली नाही पाहिजे, नाहीतर व्यापारी लगेच दर पाडतो. मामांची बाग तास-ए-गणेशची आहे, ही जात तासगाव तालुक्यातल्याच बोरगावच्या वसंतराव आर्वे ह्यांनी आपल्या थॉमसन ह्या बिनबियांच्या द्राक्षाच्या बागेतनं निवडून वाढवलेली. शेतकऱ्यानं स्वतः निरीक्षण करून शोधलेली जात अख्ख्या महाराष्ट्रात पसरली, आणि आज ती खाणाऱ्या किती जणांना बोरगाव माहिती असतं?

मामांनी खिशातनं साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला, मण्याचा रस त्याच्या काचेवर पिळला, उन्हाकडं धरून मला बघायला दिलं. निळी-पांढरी रेघ 18 च्या जरा वर होती.

"एवढी साखर आली की खायच्या मालाला बास," मामा म्हणाले. "बेदाण्याला अजून थांबायचं, बावीसपर्यंत न्यायची. जेवढी साखर जास्त तेवढा उतारा जास्त."

"आणि वाईनला?"

"ते उद्या इचारू की तुझ्या वायनरीत."

दुपारी बेदाण्याचं शेड बघायला गेलो, शेजारच्या मळ्यातच होतं. मी लहानपणापासून बघत आलेय, पण ह्या वेळी मुद्दाम प्रत्येक गोष्ट विचारून घेतली. घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, त्यानं मण्यावरचा मेणाचा थर फुटतो आणि आतलं पाणी लवकर बाहेर पडतं. मग जाळीच्या रॅकवर एकावर एक थरांनी पसरायचं, वर शेडनेट, बाजूनं वारं खेळतं राहिलं पाहिजे. पंधरा दिवसांच्या आसपास वाळायला लागतात. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तासगावचा बेदाण्याचा बाजार तर देशभरातले व्यापारी ओळखतात.

शेडमधनं बाहेर येताना मामा एक गोष्ट बोलले ती मला फार लागली. म्हणाले, खायचा माल विकला तर दोन दिवसांत विकावा लागतो, व्यापारी म्हणेल तो दर, आणि एखादा पैसे न देताच गायब झाला तर वर्षाचं गेलं. अवकाळीनं मणी तडकले तर मग बेदाणा. म्हणजे बेदाणा हा आमचा आधार आहे. पण तिसरं काहीतरी पायजे.

रात्री मामीच्या हातचा झुणका, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर दही. अंगणात खाटा टाकून झोपलो, पायांची चांगलीच जाणीव होत होती.

शुक्रवार : औदुंबर, सागरेश्वर आणि मग वायनरी

मामांची एकच अट होती, आधी औदुंबरला दत्ताचं दर्शन, मग बाकीचं सगळं. त्यामुळं सकाळी सकाळी भिलवडीवरनं औदुंबरला. कृष्णेचा घाट, पाणी एकदम संथ, पलीकडं भिलवडीचा किनारा... दहा मिनिटं कुणीच बोललं नाही. मग निघालो सागरेश्वरला.

सागरेश्वर अभयारण्याबद्दल खरं तर वेगळंच लिहायला पाहिजे. हे माणसांनी लावलेलं जंगल आहे. आधी इथले डोंगर पार उघडेबोडके होते, धों. म. मोहिते ह्यांनी लोकांना बरोबर घेऊन झाडं लावली, वनखात्याच्या मागं लागले, आणि 1985 साली ह्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. जेमतेम पावणेअकरा चौरस किलोमीटरचं आहे, कडेगाव, पलूस आणि वाळवा तालुक्यांच्या मधे. देवराष्ट्रे अगदी पायथ्याला, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव.

आम्ही खालची देवळं बघून वर चढायला लागलो. चढ फार नाही पण ऊन दहा वाजताच चटका द्यायला लागलं होतं. वाटेत चितळांचा कळप दिसला, एक सांबर मादी झाडाच्या सावलीत इतकी स्थिर उभी होती की आधी दिसलीच नाही, तिनं कान हलवला तेव्हा कळलं. मामांनी हातानं आम्हाला थांबवलं, पाच मिनिटं आम्ही तिच्याकडं आणि ती आमच्याकडं. मग ती शांतपणे चालत निघून गेली.

वरनं कृष्णेचं वळण दिसतं. एका बाजूला ऊस, एका बाजूला द्राक्षाचे मांडव, मधनं नदी. मामांनी बोट दाखवून गावं सांगितली, कुंडल, किर्लोस्करवाडी, पलूस, आणि पत्री सरकारच्या काळात ह्या भागातली माणसं कशी रात्री-अपरात्री फिरायची ते त्यांच्या वडिलांकडनं ऐकलेलं सगळं सांगत राहिले. खाली उतरायला बारा वाजून गेले.

वायनरीत आधी फोन करून ठेवला होता. छोटी आहे, पलूस भागातली, नाव मुद्दाम देत नाहीये कारण त्यांनी आम्हाला हंगामाच्या गडबडीत वेळ दिला आणि उद्या तिथं गर्दी झाली तर त्यांच्या कामात अडचण. तिथल्या वाईनमेकर ताई इकडच्याच, कडेगाव तालुक्यातल्या, शिक्षण वाईनचं. त्यांनी आम्हाला आधी टेस्टिंगला नाही बसवलं, सरळ बागेत नेलं. मला हे खूप आवडलं.

वाईनची बाग बघताक्षणी वेगळी कळते. मणी बारीक, वाटाण्याएवढे, साल जाड, आणि आत बिया. मामांनी एक मणी तोडला, बोटात दाबला, चाखला आणि तोंड जरा वाकडं केलं.

"ही खाऊन कोण घेणार बाजारात?"

ताई म्हणाल्या, "मामा, आता त्यातली बी चावून बघा."

मामांनी चावली. आम्ही पण चावल्या. माझ्या मण्यातली बी तपकिरी, कुरकुरीत, भाजलेल्या दाण्यासारखी लागली. वहिनीनं दुसऱ्या ओळीतला मणी घेतला होता, त्यातली बी अजून हिरवट आणि जिभेला एकदम तुरट. ताई म्हणाल्या, साखर 23-24 ला आली तरी बी हिरवी असली की आम्ही तोडत नाही, कारण तो तुरटपणा वाईनमध्ये उतरतो. मशीन साखर सांगतं, बी पिकलीय का ते तोंडानंच बघावं लागतं. मामांनी परत एक मणी तोडला, परत चावला, आणि ह्या वेळेला तोंड वाकडं नव्हतं. एकेका ओळीत जाऊन चावत चावत ते पार बागेच्या टोकाला गेले, आणि तिथनंच ओरडून म्हणाले, "ह्या कडंची तीन वळी आजून आठ दिवस लागतील बगा!" ताईंनी हसून मान हलवली, त्यांच्या वहीत पण तसंच होतं.

मग हिशोबाची बोलणी. ताईंनी विचारलं, मामा तुमच्याकडं एकरी किती निघतं? मामा म्हणाले, बाग चांगली साधली तर दहा-बारा टन. ताई म्हणाल्या, आम्ही चार-पाच टनाच्या वर जाऊच देत नाही, घड कमी ठेवतो, तरच चव येते. मामा गप्प झाले. मग हळूच विचारलं, दर काय? करार कसा असतो, किती वर्षांचा, पाऊस झाला तर माल नाकारता का? एकेक प्रश्न अगदी मुद्द्याचा. ताईंनी पण काही लपवलं नाही, म्हणाल्या की आधी करार आणि मग लागण, वाईनची जात लावून गिऱ्हाईक शोधत बसायचं नाही, कारण ही द्राक्षं बाजारात विकता येत नाहीत. मणी विरळ करायचा, घड संजीवकात बुडवायचा, घडांना पेपर लावण्याचा खर्च मात्र ह्यात वाचतो. माझा नवरा अकाउंट्समधला, तो पण ऐकत होता एकदम कान देऊन.

आत शेडमध्ये गेल्यावर पहिला धक्का वासाचा. आंबवलेल्या पिठाचा, पिकल्या केळ्याचा, मधेच गुलाबासारखं काहीतरी. स्टीलच्या उंच टाक्या, त्यांच्या भोवती गार पाणी फिरवतात, कारण पांढऱ्या वाईनचं आंबणं 15 डिग्रीच्या आसपास सावकाश झालं पाहिजे, गरम झालं की वास उडून जातो. बाहेर आमच्याकडं दुपारी 35 डिग्री, म्हणजे विजेचं बिल विचारूच नका. लाल वाईन सालीसकट आंबवतात, रंग सगळा सालीत असतो, रस तर लाल द्राक्षाचा पण जवळजवळ पांढराच. टाकीत साली वर तरंगून जाड थर बसतो आणि तो दिवसातनं दोन-तीनदा खाली दाबावा लागतो. मला दाबायला दिलं! लांब दांडा, खाली गोल चकती, पायऱ्यांवर उभं राहून जोर लावायचा. थर इतका घट्ट की पहिल्यांदा दांडा जागचा हलेना, मग एकदम भस्सकन आत गेला आणि खालनं जांभळा फेस वर आला, गरम, हाताला वाफ लागली. वाकून जास्त वेळ वास घेऊ नका, कार्बन डायऑक्साइड असतो, चक्कर येते, असं ताईंनी दोनदा बजावलं. पंखे कायम चालूच होते.

मग एकदाचं टेस्टिंग. लाकडी टेबल, पांढरा कागद, प्रत्येकापुढं ग्लास, आणि मधे एक बादली, थुंकायला. वाईन चाखायची म्हणजे प्यायलाच पाहिजे असं नाही, तोंडात फिरवून थुंकली तरी चव कळते. आम्हाला टेन्शन नव्हतं, गाडी मामा चालवणार होते. ग्लास दांडीला धरायचा, तिरका करून कागदावर रंग बघायचा, मग गोल फिरवायचा आणि नाक आत घालायचं. आधी पांढऱ्या, सोव्हिन्यों ब्लां आणि मग शेनिन ब्लां, मग गुलाबी रोझे, शेवटी लाल, शिराझ आणि कॅबर्ने.

मामांनी ग्लास मागितला. आम्ही सगळे बघायला लागलो. ते म्हणाले, "वास घ्यायला काय हरकत हाय, माळ काय नाकाला घातली नाय." डोळे मिटले, सोव्हिन्योंचा वास घेतला आणि म्हणाले, "हिरवी मिरची, ढबू, नुकतीच चिरल्यागत." शेनिनला म्हणाले, "पेरू. आतनं गुलाबी असतोय तो न्हाई, पांढरा." शिराझला जरा वेळ लागला, परत परत फिरवला, मग म्हणाले, "जांभळं... आणि काळी मिरी." ताईंनी त्यांचा स्वतःचा नोंदीचा कागद उलटा करून आमच्यापुढं ठेवला. ढबू मिरची, पेरू, काळी मिरी, सगळं तिथं लिहिलेलं. चाळीस वर्षं मांडवाखाली उभं राहिलेल्या माणसाचं नाक आहे हे. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू.

मला स्वतःला शेनिन सगळ्यात जास्त आवडली. जराशी गोडसर, थंडगार, आणि घशाखाली गेल्यावर पण पेरूचा वास राहतो. वहिनीनं डब्यातलं सांगलीचं भडंग काढलं आणि शेनिनबरोबर खाल्लं, एकदम जमलं. दादानं खर्डा-भाकरी कॅबर्नेबरोबर खाल्ली, आणि खर्डा दुप्पट तिखट लागायला लागला. ताईंनी कारण सांगितलं, लाल वाईनमधला तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही तिखट अजून पेटवतात, आपल्या तिखट जेवणाबरोबर थोडी गोडसर पांढरी बरी. म्हणजे हॉटेलात मटणाबरोबर लालच घ्यायची असं जे सगळे सांगतात ते आपल्या रश्श्याला लागू नाही. अजून एक सांगितलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे, आपल्याकडं द्राक्षं थंडीत पिकतात, युरोपात उन्हाळा संपताना. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड येतात, जानेवारीतल्या गार रात्रींमुळं आंबटपणा टिकतो, म्हणून फेब्रुवारी-मार्चला तोड. उन्हाळा कडक होईपर्यंत ठेवली की साखर वाढते पण चव बसते.

येताना शेनिनच्या दोन आणि शिराझची एक बाटली घेतली, बिल घेतलं, बर्फाच्या डब्यात ठेवली. फेब्रुवारीत बंद गाडीत ठेवलेली वाईन दोन तासांत खराब होऊ शकते, हे नक्की लक्षात ठेवा.

परतीला गाडीत मामा म्हणाले, "ते मॉलमधी वाईन ठेवायचं काढलेलं तवा मी इरोधातच हुतो." 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन विकायचा निर्णय झाला होता त्याबद्दल बोलत होते, लय गदारोळ झालता तेव्हा. मी विचारलं, आणि आता? ते म्हणाले, "दारूच्या इरोधात आजून पण हाय. पण पीक म्हणून बगायला पायजे हे." घरी पोचेपर्यंत मग ते डॉगरीज खुंटावर (खालच्या मुळाच्या जातीवर) कलम करायचं की दुसरा कुठला खुंट घ्यायचा ह्यावरच बोलत होते.

शनिवार : कराड, सातारा, बामणोली

आजचा दिवस गाडीतला. मामांचा निरोप घेतला, मामीनं भाकऱ्या बांधून दिल्या. कराडला प्रीतिसंगमावर थांबलो, कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, यशवंतरावांची समाधी तिथंच. साताऱ्यात कंदी पेढे, मग कासच्या रस्त्याला लागलो. फेब्रुवारीत पठारावर फुलं वगैरे काही नसतं, सगळं तपकिरी, ज्यांना फुलं बघायची त्यांनी सप्टेंबरात यावं. पण गर्दी पण नसते, आणि काटेसावर लाल फुललेली.

बामणोलीला कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर एका घरगुती जागेत राहिलो. मालकांना आधी विचारून, त्यांच्या अंगणातच, शिराझची बाटली उघडली, चौघांत अर्धा-अर्धा ग्लास. उद्या चढायचं होतं म्हणून तेवढ्यावरच थांबलो. त्या उघड्या अंगणात, धरणावरनं येणाऱ्या गार वाऱ्यात शिराझ वायनरीतल्यापेक्षा वेगळीच लागली, मिरीचा वास जास्त पुढं आला. नवरा म्हणाला मामा असते तर काय म्हणाले असते. जेवायला काळ्या वाटाण्याची आमटी, तांदळाची भाकरी.

रविवार : वासोटा

ह्याच दिवसासाठी दादा आला होता. वासोटा किल्ला कोयना अभयारण्यात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो, त्यामुळं आधी वनखात्याची परवानगी, ओळखपत्र, मग बोट. रविवार असल्यानं गर्दी होती, म्हणून सकाळी लवकरात लवकर रांगेत उभं राहायचं, कारण संध्याकाळच्या आत परत फिरावंच लागतं. बोटीत दीड तास. दोन्ही बाजूंनी डोंगर, पाण्याच्या काठाला लाल मातीची पट्टी, आणि ह्या पाण्याखाली कितीतरी गावं गेलीत. कोयना धरण झालं तेव्हा उठलेली माणसं. बोटवाले काका स्वतः तशाच घरातले, त्यांनी पाण्यातली एक जागा दाखवली, म्हणाले आमच्या आजोबांचं शेत इथं होतं.

पायथ्याला चेकपोस्ट. प्लास्टिक मोजून लिहून घेतात, डिपॉझिट भरायचं, परत येताना तेवढंच दाखवायचं. दारूची बाटली तर न्यायचा प्रश्नच नाही, आमच्या बाटल्या गाडीत पण ठेवल्या नव्हत्या, मालकांच्या फ्रीजमध्ये. मला ही मोजणीची पद्धत एकदम पटली. वर एक चॉकलेटचा कागद दिसला नाही.

पडक्या मारुतीच्या देवळापासनं वाट आत शिरते आणि ऊन संपतं. इतकं दाट जंगल की फेब्रुवारीत दुपारी पण अंगावर गार हवा. आधी ओढ्याकाठनं सोपं, मग चढ सुरू होतो तो संपतच नाही. वहिनीनं लय ताणलं नाही, वीस पावलं चालायचं, थांबायचं, श्वास घ्यायचा, परत वीस, असं करत ती आमच्याबरोबरच वर पोचली. वाटेत शेकरू दिसलं. आधी फांदी हलल्याचा आवाज, मग वर बघितलं तर तांबूस-तपकिरी अंग आणि हे एवढं लांब झुपकेदार शेपूट, फळ दोन्ही पुढच्या पायात धरून फिरवत फिरवत खात होतं, सालीचे तुकडे आमच्या डोक्यावर पडत होते. एकानं पण मोबाईल काढला नाही, सगळे नुसते बघत राहिलो.

नागेश्वरचा फाटा सोडून वर गेलं की झाडी संपते, कातळातल्या पायऱ्या, मग दरवाजाचे अवशेष. महाराजांनी 1660 मध्ये हा किल्ला घेतला, व्याघ्रगड नाव दिलं. एवढ्या जंगलात असल्यानं कैदी ठेवायला वापरायचे, ताई तेलिणीनं पेशव्यांच्या फौजेशी इथनंच झुंज दिली, पेशव्यांचे सरदार बापू गोखल्यांना महिनोन्‌महिने दाद दिली नाही. वर बिनछपराचा मारुती, महादेवाचं देऊळ, चुन्याचा घाणा.

आणि बाबूकडा. मी फोटो बघितले होते, पण तिथं उभं राहिल्यावर पोटात खड्डा पडला. घोड्याच्या नालेच्या आकाराचा सरळ तुटलेला कडा, समोर जुना वासोटा, खाली कोकणातलं चोरवणे गाव, आणि खालनं येणारं वारं इतकं जोराचं की टोपी हातात धरावी लागली. कठडा नाही, त्यामुळं पोटावर झोपून पुढं सरकलो आणि खाली बघितलं. एक घार आमच्या खाली उडत होती, तिची पाठ दिसत होती. दादा लहानपणापासून इथं यायचं म्हणत होता, तो बराच वेळ तिथंच पडून राहिला, हाक मारली तरी उठेना.

उतरताना गुडघ्यांची परीक्षा होते, काठी घेऊन जा. खाली आल्यावर प्लास्टिक दाखवलं, डिपॉझिट परत. बोटीत सगळे झोपले. रात्री साताऱ्याला मुक्काम.

सोमवार : वाई, पाचगणी आणि परत

सकाळी वाई, पसरणीचा घाट, पाचगणी. नवऱ्याला आणि मला पॅराग्लायडिंग करायचं होतं, पायलटबरोबरचं. ज्यांना करायचंय त्यांना एवढंच सांगेन की पायलटचं प्रमाणपत्र आणि अनुभव विचारा, लाजू नका, हार्नेसचे पट्टे स्वतः ओढून बघा, आणि वारा बरोबर नाही असं तो म्हणाला तर ऐका. आम्हाला तासभर बसवून ठेवलं होतं वाऱ्यासाठी. मग एकदम "पळा, पळा, थांबू नका" आणि पायाखालची जमीन गेली. खाली कृष्णेचं खोरं, धोमचं पाणी, पलीकडं पांडवगड, कमळगड. ही तीच कृष्णा, औदुंबरला घाटाला लागून जाणारी, फक्त इथं ती अजून लहान आहे. वरनं बघताना हात गार पडले होते पण उतरावंसं वाटेना.

मामीसाठी स्ट्रॉबेरी घेतल्या. संध्याकाळी सांगलीत आलो.

उरलेल्या शेनिनच्या दोन बाटल्यांतली एक काल उघडली, सासूबाईंनी पण घोटभर घेतली, द्राक्षाचीच आहे ना म्हणाल्या, आणि पेरूचा वास त्यांना पण आला. तासगावहून मामांचा फोन आलता. वायनरीच्या ताईंशी त्यांचं परत बोलणं झालंय, एप्रिलच्या खरड छाटणीच्या (तोड झाल्यावर वेली मागं छाटतात ती) वेळेला या, करार दाखवते म्हणाल्यात. विहिरीवरच्या दहा गुंठ्यांतली माती आणि पाणी मामांनी तपासायला दिलंय, रिपोर्ट अजून आलेला नाही.